हे कावून मेलं?

काळी छत्री दिसली की मी आजही लपायला जागा पाहते. आता मी स्वतः अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवते, पोरं मला मॅडम म्हणतात, दोन-चार जण तर मला भितातही म्हणे. पण परवा बाजारात मेथी निवडत होते आणि समोरून एक उघडी काळी छत्री डुलत येताना दिसली. मी जुडी खाली ठेवली आणि सरळ भाजीवालीच्या टोपल्यांमागे सरकले.

भाजीवाली म्हणाली, "काय झालं वो ताई? सासरा हाय का?"

सासरा असता तर बरं झालं असतं. सासऱ्याला निदान चहा तरी देता येतो. आमच्या सरांना काहीच देता यायचं नाही, उत्तर सोडून.

मी अकोल्याला शेतकी शिकत होते तेव्हा ते आम्हाला भाजीपाला लागवड शिकवायचे. बुटका, काटक माणूस. शर्ट कायम पँटच्या बाहेर. पायात चपला, त्याही वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढून ठेवायचे आणि मग अनवाणी आत जायचे. हातात ती छत्री. अकोल्याचं ऊन बारा महिने छत्रीचंच, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते तिच्या लोखंडी टोकाचं. ते टोक मातीत खुपसून खुपसून चांदीसारखं चकचकीत झालं होतं. सरांनी कधी कोणावर आवाज चढवला नाही. आवाज चढवणारा मास्तर परवडतो, तो थकतो तरी. हे थकायचे नाहीत. हळू आवाजात एक प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत उभे राहायचे.

पोरांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. ज्याच्या प्लॉटवर जे पीक, ते त्याचं नाव. एक पोरगा कोबी होता, एक मिरची होता. मी वांगं होते. "वांग्याले बोलावलं सरांनी," असा निरोप होस्टेलच्या जिन्यातून यायचा आणि माझ्या हातातला घास हातात राहायचा. मी मुळातच भित्री. आमच्या घरी म्हणायचे, हिले पालीनं नमस्कार केला तरी ही तीन दिवस तापानं निजते.

जे शेतकी शिकलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. त्या कोर्सला प्रत्येकाला जमिनीचा एक छोटा तुकडा मिळायचा. नांगरटीपासून तोडणीपर्यंत सगळं आपलं आपण करायचं. लेखी परीक्षा असायचीच, पण प्लॉटच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झालात तर पेपरात कितीही लिहा, कोर्स गेला. आणि प्लॉट सरांच्या हातात. सेमिस्टरच्या शेवटी एका सकाळी ते प्रत्येकाच्या प्लॉटवर यायचे, तिथंच विचारायचे, तिथंच ग्रेड ठरायची. वर दाद नाही, फिर्याद नाही.

नवीन पोरांना वाटायचं, ज्याचं पीक जोरदार त्याला ग्रेड जोरदार. मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या घरची भाज्यांची शेती, भातकुलीजवळ. वांगी म्हणजे माझ्या हातचा मळ, असं समजून मी पहिल्या आठवड्यात जरा छाती काढून फिरले. मग एका सीनियर ताईनं मेसच्या रांगेत मला खाली आणलं.

"सर पिकाकडे पाहतच नाही," ती म्हणाली. "सर खाड्याकडे पाहते."

खाडा म्हणजे ओळीतली मोकळी जागा. रोप मेलं, जागा रिकामी राहिली, तो खाडा. कोणताही शेतकरी काय करतो? तिथं दुसरं रोप लावतो आणि पुढच्या कामाला लागतो. सरांच्या प्लॉटवर ते करायचं नाही. रोप मेलं की ते उकरायचं, मूळ पाहायचं, खोड चिरून पाहायचं, आणि त्या जागी एक काडी रोवून ठेवायची. जागा मोकळीच ठेवायची. परीक्षेच्या दिवशी सर हिरव्यागार झाडांच्या मधून, त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता, सरळ त्या काडीपाशी जायचे. छत्रीचं टोक काडीला लावायचे आणि विचारायचे, "हे कावून मेलं?"

वर्गात ते शुद्ध पुस्तकी मराठीत शिकवायचे. प्लॉटवर पाय पडला की जीभ घरची व्हायची. कावून मेलं. म्हणजे का मेलं. एवढाच त्यांचा पेपर.

"रोग आला सर," असं म्हटलं की संपलं. "कोणता? कुठून आला? तुह्या बाजूच्याले कावून नाही आला?" आणि मग ते उभं राहणं. "मालूम नाही सर," म्हटलं तर मात्र ते वेगळंच विचारायचे. "उकरून पाहिलं का?" पाहिलं असेल तर एक हुंकार यायचा, आणि तो हुंकार म्हणजे मार्क. न पाहता केलेल्या अंदाजाला काही नाही. पाहून न कळल्याला आहे. हे गणित आमच्या डोक्यात शिरायला अर्धं सेमिस्टर गेलं. "पीक देवाचं असते," ते म्हणायचे, "खाडा आपला असते."

ग्रेडही ते तिथंच सांगायचे. पण विद्यार्थ्याकडे पाहून नाही. मातीकडे पाहून, ओठातल्या ओठात, एकदाच. ऐकू आलं तर आलं. पुढे परीक्षेच्या दिवशी कोबीला ऐकू आलं नाही म्हणून त्यानं धीर करून विचारलं होतं, "काय म्हणाले सर?" तर सर चपला घालता घालता म्हणाले, "पिकानं आइकलं. तू तिथंच उभा होता नं?" कोबी निकाल लागेपर्यंत उपास करत होता. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, म्हणजे कोणताच देव नाराज राहायला नको.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नावच 'छत्री' होतं. "छत्री निघाली" असा मेसेज आला की प्लॉटवर बसून गप्पा मारणारे, मोबाइलवर पिक्चर पाहणारे, सगळे एकदम खुरपं हातात घेऊन बसायचे. दुरून कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय कष्टाळू पोट्टे आहेत.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, ते मिरचीचं होईपर्यंत.

मिरची म्हणजे दर्यापूरकडचा पोरगा. गोड गळ्याचा, गॅदरिंगला गाणारा. सेमिस्टर संपायच्या आधी मध्येच सरांनी एकदा तपासणी घेतली, तिचेही मार्क धरले जायचे. मिरचीच्या प्लॉटवर खाडे पुष्कळ होते आणि त्यानं एकही उकरून पाहिला नव्हता. तेव्हा त्यानं डोकं चालवलं. दुसऱ्यांच्या झाडांच्या चांगल्या फांद्या तोडून आणल्या आणि सकाळी सकाळी खाड्यांमध्ये खोचून टाकल्या. प्लॉट एकदम भरला. सर आले, अनवाणी आत गेले. एका ओळीत थांबले. वाकून एक फांदी हलकेच ओढली. ती आलीच हातात, बिनमुळाची. सरांनी ती मिरचीच्या शर्टाच्या खिशात नीट ठेवली आणि म्हणाले, "घरी ने. लाव. जगलं तं मले दाखवजो." आणि मातीकडे पाहून काहीतरी पुटपुटले. ते मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

मिरचीचं वर्ष गेलं. त्याचे एक वजनदार मामा पांढऱ्या गाडीतून, पांढऱ्या कपड्यांत सरांना भेटायला आले होते. सर त्यांना काही बोलले नाहीत. "या," म्हणाले आणि भर उन्हात प्लॉटवर घेऊन गेले, बूट काढायला लावले, आणि मिरचीच्या एका खाड्यापाशी उभं करून विचारलं, "हे कावून मेलं?" मामा परत आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत काळ्या मातीनं भरली होती आणि बूट अजून हातातच होते. आम्ही खिडकीतून पाहत होतो. आधी हसलो, मग मनात आलं, ज्यानं मामाला सोडलं नाही तो आपल्याला काय सोडणार? काही दिवसांनी मी मिरचीला बस स्टँडवर पाहिलं. बॅग मांडीवर घेऊन दर्यापूरच्या गाडीची वाट पाहत बसला होता. मी हाक मारली नाही. 

माझी भीती मात्र नुसती सरांची नव्हती. मला अकोल्याला पाठवतानाच घरात बोलणं झालं होतं. मोठे काका ओसरीवर बसून म्हणाले होते, "पोरगी शिकते तं शिकू द्या. पण एक जरी विषय राहिला तं तिथंच थांबवा. मंग पाहुणे पाहू." बाबा खाली मान घालून बसले होते. आई म्हणाली, "राहणार नाही विषय." माझ्या वतीनं तिनं शब्द देऊन टाकला होता. त्यामुळे सर छत्री टेकवत यायचे तेव्हा मला त्यांच्या मागे काका आणि काकांच्या मागे कुठला तरी चहा-पोह्याची बशी धरलेला पाहुणा दिसायचा.

म्हणून मी खाडे जिवापाड सांभाळले. माझ्या प्लॉटवर खाडे बरेच पडले. एका कोपऱ्यात पाणी साचायचं, तिथली मुळं सडली. काही रोपं हुमणीनं खाल्ली. उकरलं तेव्हा ती पांढरी, जाडी, वाकडी अळी हातात आली आणि मी किंचाळून पळाले, पण परत येऊन तिच्याकडे पाहिलं. एक रोप मीच लावताना मुळी दुमडून लावलं होतं. एकावर कोणीतरी पाय दिला होता, बोटांचे ठसे होते. प्रत्येक खाड्यापाशी बसून मी त्याची कहाणी पाठ केली होती. रात्री झोपताना लोक रामरक्षा म्हणतात, मी खाडे म्हणायचे.

सेमिस्टर संपत आलं तेव्हा बाबा मला भेटायला आले. आईनं दिलेल्या शेंगोळ्यांचा डबा, घरची गवार. मी त्यांना मोठ्या हौसेनं प्लॉट दाखवायला नेलं. वांगी चांगली लगडली होती. बाबांनी वांग्यांकडे पाहिलं नाही. त्यांचं लक्ष काड्यांवर गेलं.

"हे काय वं? वावराचं मसनवट केलं का?"

मी समजावून सांगितलं. सरांचा नियम, काडी, उकरणं, ग्रेड. बाबा "हो, हो" म्हणत राहिले. बाबांचं "हो, हो" म्हणजे न ऐकल्याची पावती असते, हे मला जन्मापासून माहीत आहे. त्यांची नजर एका खाड्यावरून दुसऱ्या खाड्यावर फिरत होती. रिकामी जागा त्यांना बघवतच नाही. पंगतीत मधलंच पान मोकळं राहिलं तर यजमानाला जे वाटतं, ते बाबांना खाडा पाहून वाटतं. त्यांच्या वावरात संध्याकाळी रोप मेलं तर सकाळी तिथं दुसरं उभं असायचं.

जाताना ते म्हणाले, "परीक्षा कधी हाय तुही?"

मी सांगितलं. इथंच सगळं बिघडलं.

परीक्षेच्या सकाळी मी प्लॉटवर पोचले तर माझा प्लॉट मला ओळखू येईना. एकही खाडा नव्हता. ओळी भरलेल्या, सलग, हिरव्यागार. माझ्या सगळ्या काड्या कोणीतरी उपटून धुऱ्यावर सरपणासारख्या रचून ठेवल्या होत्या. क्षणभर वाटलं, मी चुकीच्या प्लॉटवर आले. मग वाटलं, पोरांनी चेष्टा केली. माझ्या डोळ्यांपुढे मिरचीच्या खिशातली फांदी आली.

तेवढ्यात विहिरीकडून बाबा आले. हातात पाण्याची बादली, धोतर खोचलेलं, हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले. चेहरा असा की पोरीचं लग्न लागून गेलंय.

"आली का? पाय. झालं का नाही वावर भरल्यावानी?" ते म्हणाले. "पयल्या गाडीनं आलो. घरचेच झाडं हायेत, मातीच्या गोळ्यासकट आनले ओल्या पोत्यात. आता कोनी नाव नाही ठेवनार तुले."

मला ओरडायचं होतं. बाबा, तुम्ही हे काय केलं? पण त्यांच्या मातीनं माखलेल्या हातांकडे पाहिलं. अंधारात उठून झाडं काढली असतील, ओलं पोतं खांद्यावर घेऊन बदलत बदलत गाड्या केल्या असतील, कंडक्टरची बोलणी खाल्ली असतील. ती रोपं मी आता त्यांच्या डोळ्यांदेखत उपटून फेकू? मी काहीतरी बोलणार, तोच मोबाइल थरथरला. "छत्री आली."

आणि सर धुऱ्यावर आले की परीक्षा संपेपर्यंत कोणी प्लॉटमध्ये पाय टाकायचा नाही, हा नियम होता.

माझा नंबर बराच मागे होता. सर कोबीपाशी होते, मग पालकापाशी, मग भेंडीपाशी. मी धुऱ्यावर उभी. बाबा थोडं दूर बाभळीच्या सावलीत बसलेले, मध्येच माझ्याकडे पाहून हसत होते. हिवाळा होता, पण ऊन चढायला लागलं. आणि तेव्हा मी पाहिलं. बाबांनी लावलेल्या एका झाडाचा शेंडा वाकला होता.

कितीही गोळ्यासकट आणलं, कितीही पाणी दिलं, तरी उपटून आणलेलं मोठं झाड ते. उन्हात मान टाकणारच. एक वाकलं. मग दुसरं. माझी झाडं ताठ उभी आणि त्यांच्यामध्ये बाबांची झाडं एकेक करून माना टाकत होती. जिथं जिथं खाडा होता, बरोबर तिथं तिथं. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते, अजून थोडं, बाप्पा, अजून थोडं. बाबांच्याही ते लक्षात आलं. त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी केली, परत उघडली, परत घडी केली. पाणी द्यायला उठले, मी हातानंच बसा म्हटलं. आम्ही दोघंही त्या झाडांकडे पाहत राहिलो. इतकी भीती मला त्याच्या आधी कधी वाटली नव्हती, आणि नंतर बाळंतपणातसुद्धा वाटली नाही.

सर माझ्यापाशी आले तेव्हा सगळी झाडं झोपली होती.

त्यांनी चपला काढल्या. आत गेले. एका झाडापाशी थांबले. छत्री मिटली, टोक मातीत रोवलं. धुऱ्यावर रचलेल्या काड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कोनं लावले, वांगं?"

मी बाभळीकडे पाहिलं. बाबा तिथं नव्हते.

"म्या लावले साहेब." बाबा धुऱ्यावर येऊन उभे होते. टोपी दोन्ही हातांत धरलेली. "पोरीले मालूम नाही. तिची काही चूक नाही. म्या आता, सकायीच लावले."

"तुमी कोन?"

"बाप हाय मी तिचा."

सरांनी त्यांना वरून खाली पाहिलं. मग छत्रीचं टोक झाडाच्या बुडाशी लावलं. मला कळलं आता काय होणार आणि मला वाटलं, जमीन फाटावी. माझ्या बापाची परीक्षा सुरू झाली होती.

"भाऊ, इथं पयले जे होतं ते कावून मेलं?"

बाबा गोंधळले. माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर सांगू शकत होते, पण प्रश्न मला नव्हता.

"मेलं असन साहेब," ते म्हणाले. "मेलेल्याले कोन पाहत बसते? दुसरं लावलं."

"घरीबी असंच करता?"

"हो."

"मंग तेबी मेलं तं?"

"मंग तिसरं लावतो, साहेब."

बाकीची पोरं पलीकडच्या धुऱ्यावर उभी होती. कोणी हसलं नाही. हसायची हिंमत कोणाची? सरांनी छत्रीच्या टोकाची माती बोटानं पुसली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वांगं, उपट."

मी पुढे झाले. वाकले. झाडाच्या बुडाला हात लावला. माती अजून ओली होती, बाबांच्या बोटांचे खळगे तसेच होते. माझे हात हलेनात.  मागे काका होते, पाहुणा होता, मिरची बॅग मांडीवर घेऊन बसला होता, आणि तरीही माझे हात हलेनात. सरांना एवढं साधं कळत नाही का, असं वाटून भीतीच्या पोटात पहिल्यांदा राग उठला. 

मग शेजारी कोणीतरी वाकलं. बाबा. त्यांनी चपला धुऱ्यावर काढल्या होत्या, सरांच्या चपलांच्या बाजूला. "सरक," ते हळूच म्हणाले. आणि त्यांनी ते झाड उपटलं. गोळा फुटू न देता, दोन्ही हातांनी. पोत्यावर ठेवलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.  सगळी झाडं काढून झाली तेव्हा माझे खाडे परत उघडे पडले होते, आणि बाबा पोत्यापाशी उभे होते, हातांना माती, कपाळाला माती.

सर त्यांना म्हणाले, "भाऊ, त्याइले सावलीत न्या अन् पानी मारा. आमी इथं बोलत बसू, तवरोक ते मरतीन." आवाज तोच, हळू. मग माझ्याकडे वळून, "आता सांग."

काड्या नव्हत्या, पण मला काड्या लागत नव्हत्या. मी एकेका खाड्यापाशी जाऊन सांगत गेले. हे पाण्यानं. हे हुमणीनं. हे माझ्या हातानं, मुळी दुमडली. ह्याच्यावर कोणाचा तरी पाय पडला. सुरुवातीला आवाज कापत होता, मग तो कापायचा विसरला. शेवटच्या खाड्यापाशी मी थांबले. "हे मालूम नाही सर. उकरून पाहिलं, खोड चिरून पाहिलं. नाही समजलं."

हुंकार आला.

मग त्यांनी मातीकडे पाहून काहीतरी म्हटलं. आणि मला ते ऐकू आलं नाही.  सर चपला घालून निघून गेले. मी बाबांकडे धावले. "काय म्हणाले सर?"

"मले काय मालूम? मी तं झाडावर पानी मारून राहिलो होतो."

निकाल लागेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पण माझ्यापेक्षा बाबांचे हाल जास्त झाले. ते रोज फोन करायचे. "लागला का?" नाही म्हटलं की फोन ठेवून द्यायचे. आई सांगायची, त्यांनी जेवणच सोडलं आहे, भाकरी कुस्करतात आणि उठतात. काकांना त्यांनी त्या दिवसाबद्दल अक्षर सांगितलं नव्हतं. शेवटी एका दुपारी पोर्टलवर निकाल आला. पास. ग्रेड बरी होती, फार मोठी नाही. सरांनी कशाचे कापले ते मी विचारलं नाही. बाबांना फोन केला तर पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "जेवन झालं का तुहं?"

त्या सुट्टीत मी घरी गेले. संध्याकाळी वावरात गेले तर वांग्याच्या ओळीत, आमच्या वावरात, जिथं जन्मात कधी खाडा दिसला नव्हता, तिथं एक मोकळी जागा होती. त्यात काडी. पुढे आणखी एक. त्यातही काडी. आई धुऱ्यावरून ओरडून म्हणाली, "तुह्या बापाले येड लागलं. मेलेले झाडं चिरून पाहते!"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी आजूबाजूला कोणी नाही ना हे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुहे सर आले अन् त्याइनं इचारलं तं? सांगता आलं पायजे नं."

सर कशाला येतील भातकुलीला? पण मी हे म्हटलं नाही. खरं सांगते, मलाही वाटलं, येतील.

सर आले नाहीत. ते निवृत्त झाले, अकोल्यातच राहिले. मी शिकत गेले, काकांनी पाहुणे दुसरीकडे वळवले, मी नोकरीला लागले, आणि आता माझ्याच विद्यार्थ्यांच्या प्लॉटवर मी काड्या रोवायला लावते. पोरं मागे काय म्हणत असतील ते मला चांगलं माहीत आहे. सरांना भेटायला एकदा जावं, असं दरवर्षी ठरवायचे आणि दरवर्षी दारापर्यंत जायचीही हिंमत व्हायची नाही. जाऊन काय सांगणार, हा प्रश्न नव्हता. ते काय विचारतील, हा होता.

गेल्या महिन्यात 'छत्री' ग्रुपवर, इतक्या वर्षांनी, कोबीचा मेसेज आला. सर गेले. मिरचीनंही खाली काहीतरी लिहिलं होतं, आणि मग पुसून टाकलं होतं.

मी त्या रविवारी भातकुलीला गेले. बाबा आता थकलेत, पण वांग्याचे एक-दोन वाफे ते अजून स्वतः पाहतात. वावरातच होते. मी धुऱ्यावर उभी राहून सांगितलं, "बाबा, सर गेले."

ते वाकलेले होते. मग हळूहळू सरळ झाले. डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली, त्या दिवशी धरली होती तशीच. समोरच्या ओळीत एक काडी होती. बाबा तिच्याकडे पाहत होते.

"हे एक मले समजलं नाही," ते म्हणाले. "उकरून पाहिलं, चिरून पाहिलं. त्याइलेच इचारा लागत होतं."

मी चपला काढल्या आणि वावरात उतरले.